संकरित बी दुसऱ्यांदा उगवतच नाही?

‘संकरित बियाण्यात टर्मिनेटर जनुक असतं, ते दुसऱ्यांदा उगवत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. बी वांझ करणारं ते तंत्र बाजारात कधी आलंच नाही. भारताच्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानुसार तसल्या वाणाची नोंदणीही होत नाही.

संकरिताचं बी उगवतं. पण पुढच्या पिढीत गुण विखुरतात: एक झाड उंच, शेजारचं खुजं, फळं लहानमोठी. उत्पन्न घटतं, म्हणून शेतकरी दरवर्षी पिशवी विकत आणतो. गैरसमज बहुधा इथूनच निघाला असावा.

खात्री करायचीय? संकरित टोमॅटोचं बी धुऊन, सावलीत वाळवून कुंडीत टाका.

सोयाबीन मात्र सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेलं; पुढच्या पिढीतही गुण तेच राहतात. घरचं बी चालतं. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळा, आठवड्याभराने मोजा. ७० उगवले तर खुशाल पेरा.