सायकल, मोटार आणि गोव्याचा एकच रस्ता

पणजी-रायबंदरचा बांधरस्ता सतराव्या शतकातला, पण आज त्यावरून बसगाड्या धावतात. गोव्यात असंच झालंय. 1961 नंतर डांबर पसरलं, रस्ते रुंदावले आणि कडेला जे उरलं ते सायकलीच्या वाट्याला आलं.

वेगळा सायकलमार्ग कुठे द्यायचा, याची देशपातळीवरची कसोटी 1962 मध्ये ठरली. तासाला 100 ते 200 मोटारी असलेल्या रस्त्यावर गर्दीच्या तासात किमान 400 सायकली हव्यात. मोटारी 200 च्या वर गेल्या तर 100 सायकलीही पुरेत. गिरण्या-कारखान्यांच्या शहरांत हा हिशेब जमतो. गोव्यात वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, विखुरलेले. पहाटे पाव विकत फिरणारा पोदेर, शाळेला निघालेली मुलं, संध्याकाळी बाजार करून परतणारा माणूस, हे सगळे एकाच तासाला एकाच नाक्यावर कसे सापडणार? शिवाय मोजणी होते ती रस्त्यावर उतरलेल्यांची. ट्रकच्या धाकाने ज्या घरातली सायकल पडवीतच गंजली, ते घर आकड्यात येत नाही. सायकली कमी म्हणून मार्ग नाही आणि मार्ग नाही म्हणून सायकली कमी. पंचवीस-तीस सायकलींसाठी कुणाचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, कापायचं का, हा अभियंत्यांचा सवालही खोटा नाही. पण कुळागरं चौपदरीसाठी कापली गेलीच.

2015 च्या सुधारित मानकात भर रस्त्याच्या प्रकारावर आला: मुख्य रस्त्याला स्वतंत्र मार्ग, मधल्या रस्त्याला आखलेला पट्टा, गल्लीत सगळे एकत्र. चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधल्या गावरस्त्याला यातला शेवटचाच पर्याय लागू पडतो, आणि तोही मोटारीचा वेग बांधला तरच. तासाला 60 किलोमीटरने धडकणाऱ्या गाडीची ऊर्जा 30 च्या चौपट असते. म्हणून तिथे रंगाच्या पट्ट्यापेक्षा अरुंद वळण आणि उंचावलेली क्रॉसिंग जास्त कामाची.

मांडवीवर मात्र उलटी तऱ्हा. पहिला पूल 1986 मध्ये कोसळला, त्यानंतर दोन पूल शेजारी शेजारी उभे राहिले. 2019 मध्ये पाच किलोमीटरचा तिसरा आला, आणि त्यावर दुचाकी-तिचाकींना बंदी घातली गेली. कारण सुरक्षिततेचं. ज्या राज्यात नोंदणीकृत वाहनांत दुचाकींचंच बहुमत, तिथे वेगवान वाहनांना नवा पूल आणि बाकीच्यांना जुने, अशी ही वाटणी. तिच्यात सायकलीचा वेगळा विचार नाहीच. पर्वरीकडून पणजीत पेडल मारत यायचं तर बेतीची फेरीबोट अजून तरी त्यातल्या त्यात बरी.