गप्प बसलेल्या सभासदाचे पैसे: युनियनची वर्गणी आणि राजकारण

माझ्या पगारातून कापलेली वर्गणी मी ज्याला मत देत नाही त्याच्या प्रचाराला का जावी? युनियनच्या पैशावरचा वाद कुठूनही सुरू होवो, फिरून येतो तो या तक्रारीपाशी. तक्रार रास्त आहे आणि जुनीही. गंमत अशी की ब्रिटन आणि अमेरिकेत गेल्या सव्वाशे वर्षांत यावर जे कायदे झाले आणि जे खटले लढले गेले, त्यांत युनियनने राजकारण करावे की करू नये हा मुद्दा फार काळ तग धरू शकला नाही. खरी ओढाताण झाली ती गप्प राहणाऱ्याची. जो सभासद होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, त्याचे पैसे कोणत्या खात्यात धरायचे?

सुरुवात ब्रिटनमधल्या रेल्वे कामगारांपासून. अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ रेल्वे सर्व्हंट्स या युनियनने १८९९ मध्ये ठराव मांडला की कामगारांचे स्वतःचे प्रतिनिधी संसदेत पाठवण्यासाठी सर्वांनी एकत्र यावे. त्यातून १९०० मध्ये जी समिती उभी राहिली, तिचाच पुढे मजूर पक्ष झाला. पुढच्याच वर्षी टॅफ व्हेल रेल्वे कंपनीच्या खटल्यात निकाल लागला की संपामुळे झालेले नुकसान युनियनने भरून द्यावे. रेल्वे युनियनला २३,००० पौंड मोजावे लागले. असा कायदा बदलायचा तर संसदेत आपली माणसे हवीत, हे ज्या युनियन तोवर काठावर बसल्या होत्या त्यांनाही पटले. १९०६ मध्ये मजूर पक्षाचे २९ खासदार निवडून आले आणि त्याच वर्षी टॅफ व्हेलचा निकाल कायद्याने पुसला गेला.

या खासदारांचे पोट मात्र युनियनच भरत होती. त्या काळी ब्रिटिश खासदाराला पगार नसे. जमीनदाराचे त्यावाचून काही अडत नव्हते, पण खाणीतून किंवा रेल्वेतून आलेल्या माणसाने लंडनमध्ये राहायचे कशावर? म्हणून युनियनने सभासदांवर राजकीय पट्टी बसवली. त्याच रेल्वे युनियनच्या वॉल्थमस्टो शाखेचा सचिव वॉल्टर ऑस्बर्न हा लिबरल पक्षाचा माणूस होता. मजूर पक्षाच्या खासदारांसाठी सक्तीने पैसे देणार नाही म्हणून तो कोर्टात गेला आणि डिसेंबर १९०९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, लढून जिंकला. युनियनला काय करता येईल हे कायद्याने आखून दिले आहे आणि त्यात निवडणुकांवर खर्च करणे बसत नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. ज्या युनियनने पक्षाची मोट बांधली, तिच्याच शाखा-सचिवाने त्या पक्षाची नाडी आवळली.

याला उतारा दोन टप्प्यांत आला. १९११ पासून खासदारांना वर्षाला ४०० पौंड मिळू लागले आणि १९१३ मध्ये नवा ट्रेड युनियन कायदा झाला. त्यातली तडजोड आजही अभ्यासण्याजोगी आहे. युनियनला राजकारणावर खर्च करता येईल, पण आधी सभासदांचे मतदान घ्यायचे, मग त्यासाठी वेगळा निधी ठेवायचा, आणि ज्याला तो नको असेल त्याने तसे लिहून दिले की त्याची सुटका. सुटका मागितली म्हणून त्याला युनियनच्या फायद्यांपासून दूर ठेवायचे नाही. लिहून न देणारा मात्र निधीत धरला जाईल. म्हणजे गप्प बसणे याचा अर्थ होकार.

हिंदुस्थानासाठी १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला तेव्हा तोल बराचसा दुसऱ्या बाजूला गेला होता. त्याच्या कलम १६ मध्ये म्हटले होते की राजकीय निधी वेगळा असावा, त्याची वर्गणीही वेगळी घ्यावी, ती देण्याची सक्ती कोणावर नसावी आणि सभासदत्वासाठी तिची अट घालू नये. लंडनमध्ये पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाने स्वतःच्या देशातही काटा फिरवला. १९२६ चा सार्वत्रिक संप मोडून पडला होता आणि बाल्डविन सरकारला हिशेब चुकता करायचा होता. १९२७ च्या कायद्याने उलटे केले: ज्याला राजकीय निधीत पैसे द्यायचे आहेत त्याने तसे लिहून द्यावे, बाकीच्यांचा नकार समजावा. कामगारांची मते एका रात्रीत बदलली नव्हती. फॉर्म भरायची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, एवढेच. तरी युनियनमार्फत मजूर पक्षाशी जोडलेल्या सभासदांचा आकडा तीस लाखांच्या वरून वीस लाखांच्या आसपास घसरला.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात बोलका आकडा हाच. दहा लाखांहून जास्त माणसे मजूर पक्षाची कट्टर विरोधक असती तर त्यांनी आधीच फॉर्म भरून सुटका करून घेतली असती. ती एवढी विरोधात नव्हती आणि एवढी बाजूनेही नव्हती. १९४६ मध्ये मजूर पक्षाच्या अॅटलींच्या सरकारने नियम पुन्हा १९१३ सारखा केला, तेव्हा यातला मोठा भाग न बोलावता परत आला.

पुढचे ब्रिटनपुरते थोडक्यात. थॅचर सरकारने १९८४ मध्ये दर दहा वर्षांनी राजकीय निधीवर मतदान सक्तीचे केले. निधी बुडतील ही अपेक्षा होती, पण पहिल्या फेरीत एकाही युनियनच्या सभासदांनी निधी बंद केला नाही आणि ज्यांच्याकडे तो नव्हता अशा काहींनी नवा सुरू केला. २०१६ च्या कायद्याने नव्या सभासदांपुरता १९२७ चा नियम परत आणला. २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तेही फिरवले. सरकार बदलले की मौनाचा अर्थ बदलतो.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावर होती. १८८६ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर उभी करणारे सॅम्युएल गॉम्पर्स हे मूळचे लंडनचे, धंद्याने सिगार वळणारे. वर्गणी भरपूर असावी, त्यातून संपाच्या काळात आणि आजारपणात सभासदाला हात मिळावा, आणि कोणत्याही पक्षाच्या दावणीला स्वतःला बांधू नये, हे त्यांचे सूत्र. मित्रांना मत द्या, शत्रूंना पाडा, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, असे ते सांगत.

हे सूत्र मोडले ते मंदीच्या दशकात. १९३५ च्या वॅगनर कायद्याने युनियन करण्याच्या हक्काला सरकारी पाठबळ दिले आणि हे पाठबळ टिकायचे तर रूझवेल्ट टिकायला हवेत, हे खाण कामगारांचे पुढारी जॉन लुईस यांनी ताडले. १९३६ च्या निवडणुकीआधी ते अडीच लाख डॉलरचा चेक आणि सोबत एक फोटोग्राफर घेऊन व्हाइट हाऊसमध्ये गेले, अशी गोष्ट सांगतात. रूझवेल्ट हसून म्हणाले, चेक राहू द्या, लागेल तसे मागून घेईन. आणि त्यांनी मागितले. निवडणूक संपेपर्यंत खाण कामगारांच्या युनियनचे जवळजवळ पाच लाख डॉलर गेले होते. फोटो निघाला असता तर लुईस यांचे काम बरेच स्वस्तात झाले असते.

एवढा पैसा एकरकमी देता येतो तो वर्गणी नियमित जमा झाली तरच. त्या काळात ती गोळा करणे म्हणजे अंगमेहनतीचे काम होते. पोलाद कारखान्यांच्या फाटकावर युनियनचे कार्यकर्ते रांग धरून उभे राहत आणि पाळीवर येणाऱ्याला थकलेली वर्गणी भरल्याशिवाय आत जाणे कठीण करून टाकत. याला ‘ड्यूज पिकेट’ म्हणत. मालकाने वर्गणी पगारातून परस्पर कापून युनियनकडे द्यायची ही ‘चेक-ऑफ’ची पद्धत खाणींत आधीपासून होती. महायुद्धाच्या काळात ती कारखान्यांत पसरली. युद्धकाळात संप नको म्हणून सरकारी मंडळाने युनियनांना मोबदला दिला: मालक आणि युनियन यांच्यातले कंत्राट चालू असेतो सभासदाला सभासदत्व सोडता येणार नाही, सोडायचे असेल तर सुरुवातीचे १५ दिवस मोकळे. त्या १५ दिवसांत फार थोडे लोक बाहेर पडले. १९२७ च्या ब्रिटनची हीच दुसरी बाजू.

पैसा वाढला तसा चिमटाही आला. १९४३ च्या स्मिथ-कॉनली कायद्याने युनियनांना राष्ट्रीय निवडणुकांत उमेदवारांना वर्गणीतून पैसे देण्यास बंदी केली. काही आठवड्यांत सीआयओ या महासंघाने वेगळी समिती काढली. सिडनी हिलमन तिचे प्रमुख, आणि पैसा सभासदांनी खुशीने दिलेल्या डॉलर-डॉलरचा. ही पहिली ‘पॅक’, म्हणजे ‘पोलिटिकल अॅक्शन कमिटी’. आज अमेरिकेतल्या बँका, तेल कंपन्या, डॉक्टरांच्या संघटना ज्या साच्यातून पैसा ओततात तो साचा असा युनियनच्या घरी घडला. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने बंदी कायमची केली आणि थेट देणगीबरोबर प्रचारखर्चही त्यात ओढला. चेक-ऑफसाठी प्रत्येक कामगाराची लेखी संमती सक्तीची झाली आणि ती एका वेळी वर्षभराहून जास्त काळ बांधून ठेवणारी नसावी, असेही ठरले. शिवाय युनियनला पैसे देण्याची सक्ती आपल्या हद्दीत बंद करण्याची मुभा राज्यांना मिळाली. ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो ओलांडला.

सक्ती उरली कुठे, तर जिथे कंत्राटानुसार नोकरीवर असलेल्या प्रत्येकाने युनियनला काहीतरी देणे भाग होते तिथे. त्यामागचे कारण बिनतोड होते: युनियनने मिळवलेली पगारवाढ सभासद नसलेल्यालाही मिळते आणि कायद्याने युनियनला त्याचीही बाजू मांडावी लागते, मग त्याने खर्चाचा वाटा उचलावा. मग वाटाघाटींचा खर्च किती आणि राजकारणाचा किती? १९६१ मध्ये स्ट्रीट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हरकत घेणाऱ्याचे पैसे राजकारणावर वापरू नका. पण न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्याच निकालात लिहिले की हरकत गृहीत धरायची नसते, ज्याची असेल त्याने ती युनियनला कळवावी. १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या अबूड खटल्यात हेच सूत्र सरकारी नोकरांना लागले. १९८८ मध्ये मेरीलँडमधल्या टेलिफोन कर्मचाऱ्यांच्या बेक खटल्यात ते खाजगी कंपन्यांत आले, आणि बहुमताचा निकाल पुन्हा ब्रेनन यांचाच होता.

बेक खटल्यातला एक आकडा युनियनविरोधक अजून वापरतात. खर्चातला फक्त २१ टक्के भाग वाटाघाटींशी निगडित असल्याचे युनियनला खालच्या कोर्टात सिद्ध करता आले. उरलेले ७९ टक्के म्हणजे राजकारण, असा अर्थ लावणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. नव्या ठिकाणी युनियन बांधण्याचा खर्चही त्या बाकीत होता. हिशेब ठेवायची पद्धतच तशी नव्हती, आणि हा दोष युनियनचाच.

हक्क मिळाला, पण तो आहे हे कामगाराला सांगणार कोण? थोरल्या बुश यांनी १९९२ मध्ये सरकारी कंत्राटदारांना आदेश दिला की बेकच्या निकालाची माहिती भिंतीवर लावा. क्लिंटन यांनी आल्या आल्या तो रद्द केला, धाकट्या बुश यांनी आल्या आल्या परत आणला, ओबामांनी आल्या आल्या काढला. एका नोटिशीवरून एवढी धावपळ झाली, कारण मौनाचा फायदा कोणाला होतो हे दोन्ही पक्षांना पक्के ठाऊक होते.

सभासदांचे मत आणि पुढाऱ्यांचा पैसा यांत अंतर आहे, हे युनियनवालेही खाजगीत नाकारत नाहीत. पैसा बहुतांशी डेमोक्रॅट पक्षाकडे जातो, पण १९८४ मध्ये युनियनच्या घरांतली चाळीस टक्क्यांहून जास्त मते रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांना पडली होती. पुढाऱ्यांचे गणितही नेहमी बरोबर येते असे नाही. १९८० मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांच्या पॅटको युनियनने रेगन यांना पाठिंबा दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये संप केला म्हणून त्यांनी ११,००० हून जास्त नियंत्रकांना घरी पाठवले.

कॅलिफोर्नियात राजकारणासाठी आधी लेखी होकार मागण्याचा प्रस्ताव १९९८ आणि २००५ असा दोनदा मतदारांपुढे आला आणि दोनदा पडला; पगारातून कापलेला पैसा राजकारणाला वापरूच नये असा २०१२ चा प्रस्तावही पडला. २००५ मध्ये तो पाडण्यासाठी तिथल्या सरकारी नोकरांच्या एका युनियनने जादा पट्टी बसवली आणि सभासद नसलेल्यांकडूनही ती कापली. म्हणजे होकार मागायला लावणारा प्रस्ताव हाणून पाडायला न विचारता घेतलेला पैसा. हे नॉक्स प्रकरण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनियनविरुद्ध निकाली काढले आणि न्यायमूर्ती अलिटो यांनी तिथेच प्रश्न टाकला की मौन म्हणजे होकार हे मुळात का मानायचे?

उत्तर जून २०१८ मध्ये आले. इलिनॉयचे सरकारी कर्मचारी मार्क जेनस सभासद नसताना महिन्याला सुमारे ४५ डॉलर भरत होते. पाच विरुद्ध चार मतांनी अबूडचा निकाल रद्द झाला. सरकारी नोकराने स्पष्ट होकार दिल्याशिवाय त्याच्याकडून काहीही कापता येणार नाही, राजकारणासाठी नाही आणि वाटाघाटींसाठीही नाही. विरोधी मतात न्यायमूर्ती केगन यांनी बहुमतावर अभिव्यक्ती-स्वातंत्र्याचे हत्यार केल्याचा ठपका ठेवला.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्या आणि युनियन दोघांनाही आपल्या तिजोरीतून स्वतंत्र प्रचारखर्च करण्याची मुभा दिली. त्यानंतर युनियनला होकार विचारायला लावणारे निकाल आले, पण भागधारकाला आधी विचारा असे कोणी कंपनीला सांगितले नाही. नको असेल तर शेअर विकून टाका, हे त्यावरचे ठराविक उत्तर. नोकरी सोडणे शेअर विकण्याइतके सोपे नसते हे खरे, पण निवृत्तिवेतन निधीतून ज्यांचे पैसे शेअर बाजारात गुंतलेत त्यांना तरी विकायचा अधिकार कुठे असतो?

जेनसनंतर भांडण सभासदत्वाच्या अर्जावरच्या बारीक अक्षरांत गेले. अनेक अर्जांत वर्षातल्या ठराविक दिवसांतच कपात थांबवता येईल अशी अट असते. तिच्याविरुद्ध ढीगभर खटले झाले आणि बहुतेक न्यायालयांनी सही केली आहे, करार पाळा असे सांगितले. विधिमंडळांनी दुसरी वाट काढली. विस्कॉन्सिनने २०११ मध्येच बहुतेक सरकारी नोकरांच्या पगारातून वर्गणी कापणे बंद केले होते, फ्लोरिडाने २०२३ मध्ये तेच केले. तिथे आता संमती लेखी असली तरी कपात होत नाही. सभासदाने दर महिन्याला वर्गणी स्वतः पोचवायची, आणि फ्लोरिडात वर्गणी भरणारे ६० टक्क्यांखाली गेले तर वाटाघाटींचा हक्क टिकवायला युनियनला नव्याने निवडणुकीची तयारी करावी लागते. दोन्ही राज्यांनी पोलिस आणि अग्निशमन दलाच्या युनियनांना मात्र यातून वगळले आहे.