नशा सुटल्यावर अंग सुजतं का?

"नशा सोडली की नशामुक्तीच्या गोळ्यांनी अंग सुजतं, गोळ्या बंद करा," असा निरोप लातूर-बीडकडं फिरत असतो. काळजीपोटीच. पण दारू, ब्राऊन शुगरच्या नादात भूक मरते, जेवणं चुकतात, अंग झडतं. नशा सुटली की भूक परतते, झडलेलं भरून निघतं. गोडाची ओढही वाढते. चहातली साखर आधी बघा! काही औषधांनी वजन वाढतं हे खरं, पण गोळी बदलायची ती डॉक्टरांनीच.

तपासायचं कसं? नडगीवर अंगठा 10 सेकंद दाबून धरा. खड्डा तसाच राहिला तर सूज आहे, दवाखाना गाठा. नाही राहिला, तर बहुधा अंगच भरतंय. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी वेळेवर, जिलेबी कधीमधी.