हात थकल्यावरचा शेतकरी : थेट मदतीची पार्श्वभूमी

सरकारी दप्तरात म्हातारा माणूस वेगळा आणि शेतकरी वेगळा. गावात मात्र हे दोघे बहुतेक वेळा एकच असतात. सत्तरी ओलांडलेली, दीड-दोन एकर कोरडवाहू, सातबाऱ्यावर अजून स्वतःचंच नाव, मुलगा पुण्याला नाहीतर ऊसतोडीला. अशा माणसाच्या खात्यावर आता थेट पैसे जमा होतात. इथवर यायला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर त्या दप्तरी विभागणीतच आहे.

इंग्रजी अमलात शेतकऱ्याला मिळायची ती तगाई. 1883 आणि 1884 च्या कायद्यांनी तिला रूप दिलं. पण ते कर्जच होतं, आणि वसुली शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखीच. दुष्काळ पडला की खडी फोडायची, रस्त्यावर माती टाकायची आणि मजुरी घ्यायची. ज्यांना काम झेपत नाही अशा वृद्ध-अपंगांना फुकट मदत द्यावी, असं 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर झालेल्या नियमांत होतं. मात्र दुष्काळ जाहीर झाला तरच, आणि तो सरला की मदतही बंद. म्हातारपण काही पावसाबरोबर संपत नाही, याची दखल त्या नियमांत नव्हती.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाखो माणसं कामावर घेतली, सुकडी वाटली, आणि त्याच अनुभवातून रोजगार हमीचा 1977 चा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे तत्त्व मोठंच. देशाने ते पुढे उचललं. पण घमेलं उचलायची ताकद उरली नाही त्याने काय मागायचं? ती बाजू उघडीच राहिली.

म्हाताऱ्यांना पेन्शन देण्याची सुरुवात उत्तर प्रदेशाने 1957 मध्ये केली होती. महाराष्ट्रात बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. केंद्राला जाग आली 15 ऑगस्ट 1995 रोजी : पासष्टीपुढच्या निराधारांना महिना 75 रुपये. 2006 मध्ये ते 200 झाले. 2011 मध्ये वयाची अट साठवर आली आणि ऐंशीपुढच्यांना 500 ठरले. साठ ते एकोणऐंशीसाठी केंद्राचा वाटा मात्र त्या 200 वरच अडकला, आणि महागाई तेवढी धावत राहिली. उरलेला भार राज्यं उचलतात. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढच्यांना मिळणारे 600 रुपये 2019 मध्ये 1000 आणि 2023 मध्ये 1500 झाले.

खरी गाठ बसली होती ‘निराधार’ या अटीत. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला 1750. ज्याच्या नावावर जमीन आहे आणि ज्याला मुलगे आहेत, त्याला तलाठ्याकडून असा दाखला मिळवणं कठीण. जमीन पिकत नाही, मुलगे पैसे पाठवत नाहीत, हे कुठल्या कागदावर दाखवणार?

शेतकरी म्हणून रोख पैसे मिळायला 2018 उजाडावं लागलं. तेलंगणाने रयतु बंधू योजनेत एकरी 4000 रुपये हंगामाला द्यायला सुरुवात केली. पुढच्याच फेब्रुवारीत केंद्राची पीएम किसान योजना आली : वर्षाला 6000, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. 2023 मध्ये महाराष्ट्राने ‘नमो शेतकरी’मधून आणखी 6000 जोडले. वयाची वरची अट नाही, निराधार असण्याची अट नाही. सत्तरीतल्या खातेदारालाही हक्काने मिळावी अशी ही पहिली मोठी रोख मदत.

पैसे पोचण्याची वाटही याच काळात बदलली. देशातलं पहिलं आधार कार्ड 2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. 2013 पासून थेट खात्यात रक्कम, 2014 पासून जनधन खाती. मधला माणूस टळला, तालुक्याची खेप वाचली, गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावला की झालं. पण जन्मभर विळा-खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र अंगठा घेत नाही, केवायसी रखडते, हप्ता थांबतो. ज्या कष्टासाठी मदत, त्याच कष्टाने ती अडवावी, हे मनाला फार लागतं.

या पैशाने शेती तरत नाही. दोन हजारांत पेरणीचं बियाणं आणि खत दोन्ही होत नाही. बदलतं ते घरातलं. बीपीच्या गोळ्यांसाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही. किराणा दुकानातली उधारी थोडी फिटते, म्हणून दुकानदार पुन्हा माल देतो. नातीच्या हातावर दहा रुपये ठेवता येतात. मला वाटतं, रकमेहून नियमितपणा मोठा. महिन्याचे 1500 वेळेवर आले तर औषध चुकत नाही. तीन महिने तटून एकदम आले तर मधल्या काळात गोळ्या बंद राहतात, आणि त्याची भरपाई थकबाकीने होत नाही.

पीएम किसानची एक अट तर थेट वाटणीत शिरली. 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर झालेली जमीन धरायची नाही, वारसाने आली तरच अपवाद. त्यामुळे बापाने हयातीत जमीन मुलांच्या नावे केली की त्याचाही हप्ता जातो आणि मुलांनाही मिळत नाही. सातबाऱ्यावरचं नाव काढू नका, हा जुना सल्ला आता म्हाताऱ्यांना जास्तच पटू लागला आहे.

म्हातारा आणि शेतकरी हे दोन्ही एकत्र धरून केंद्राने 2019 मध्ये किसान मानधन योजना आणली : साठीनंतर महिना 3000 रुपये. पण नाव नोंदवायचं वय 18 ते 40, म्हणजे तेव्हा चाळीस वर्षांच्या असलेल्यालाही पहिली पेन्शन 2039 मध्ये. आज जे म्हातारे आहेत ते त्यात बसतच नाहीत. त्यांच्यासाठी हाताशी आहे ती श्रावणबाळच. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी राज्याने उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली आणि वयाची पासष्ट. पासष्ट ओलांडली की त्याच बाईला 21,000 च्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागतं. ही मर्यादा वाढवणं राज्याच्या हातात आहे, आणि ती आधी वाढवायला हवी.