मधुमेह्यांचं हृदय: झटके घटले, खाटा भरलेल्याच

डिचोलीच्या माझ्या मामांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्या छातीत दुखलंच नाही. सकाळी पोदेराकडून पाव घेतले, सोप्यावर बसले आणि सदरा घामाने चिंब झाला. मामी म्हणाली, पित्त झालं असेल. ईसीजी निघाला तो दुपारी. बरीच वर्षं साखर असली की नसा बधिर होतात, हृदयाची कळ जाणवत नाही. मामांना साखर होऊन वीस वर्षं झाली होती.

मधुमेह म्हणजे डोळे, मूत्रपिंड, पायाची जखम, एवढंच आपल्याकडे अजून डोक्यात असतं. हृदयाशी त्याचं नातं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 1948 साली सुरू झालेल्या पाहणीने दाखवलं. मधुमेह्यांना धोका दुप्पट-तिप्पट, आणि बायकांना तर तुलनेने जास्तच, हे 1979पर्यंत स्पष्ट झालं होतं. 1998मध्ये फिनलंडच्या अभ्यासाने त्याहून धक्का दिला: कधीच झटका न आलेल्या मधुमेह्याचा धोका, एकदा झटका येऊन गेलेल्या पण साखर नसलेल्या माणसाइतकाच.

मग कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या आल्या, रक्तदाबावर लक्ष गेलं, धूम्रपान घटलं. अमेरिकेत 1990 ते 2010 या काळात मधुमेह्यांमधल्या झटक्यांचं प्रमाण 67.8 टक्क्यांनी उतरलं. हे यश खरंच मोठं आहे. पण त्याच वीस वर्षांत तिथले मधुमेही 65 लाखांवरून 2 कोटी 7 लाखांवर गेले, त्यामुळे झटका आलेल्यांची एकूण संख्या जवळपास होती तिथेच राहिली. 2010नंतर तर तरुण आणि मध्यमवयीन मधुमेह्यांमध्ये गुंतागुंत पुन्हा वाढू लागली. हृदय कमकुवत होऊन पाय सुजणं, धाप लागणं, त्यासाठी पुन्हापुन्हा भरती होणं, याकडे लक्ष जायला उशीरच झाला. एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळीने अशा भरती 35 टक्क्यांनी कमी होतात, हे कळलं 2015मध्ये.

गोव्यासाठी हा हिशेब जिव्हारी लागणारा आहे. 2023मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण देशात 11.4 टक्के निघालं, गोव्यात 26.4. सगळ्या राज्यांत आपण पहिले.

सोय नाही असं नाही. 108ची रुग्णवाहिका आहे. हृदयविकाराच्या गंभीर झटक्यांसाठीच्या ‘स्टेमी गोवा’ योजनेत लहान इस्पितळातला ईसीजी बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) तज्ज्ञांना दिसतो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देता येतं. पण ते सगळं ईसीजी काढल्यावर. घामाने भिजलेल्या मधुमेह्याला घरी लिंबूपाणी देऊन आडवं केलं, तर तो ईसीजीपर्यंत पोचतच नाही. आमच्या घरी ते चार तास असेच गेले.