जीपच्या मागच्या एक्सलला डिस्क ब्रेक : हे खूळ कुठून आलं आणि एक्स्प्लोररचाच एक्सल का

अमेरिकेत जुनी जीप चेरोकी किंवा रँग्लर बाळगणाऱ्या माणसाशी मागच्या ब्रेकचा विषय काढला की पाच मिनिटांत गाडी फोर्ड एक्स्प्लोररच्या एक्सलवर येतेच. जीपला फोर्डचा एक्सल, ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे बरीच जुनी कहाणी आहे आणि ती माहीत असली की काय घ्यायचं, काय सोडायचं हे आपोआप कळतं.

आधी मागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे शू, का होते ते बघू. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, त्यामुळे थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. पिकअप रिकामी असेल तर मागची चाकं उलट लवकर लॉक होतात आणि गाडी आडवी होते, म्हणून फोर्डने १९८७ ला एफ-१५० ला फक्त मागच्या चाकांचं एबीएस स्टँडर्ड दिलं, पण खाली ड्रमच ठेवले. ड्रम स्वस्त असतो, शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी घट्ट बसतो म्हणून कमी प्रेशरमधे काम होतं, आणि हँडब्रेकला एक केबल आणि एक लिव्हर पुरतो. कंपनीच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं.

पण हीच गाडी चिखलात आणि नदीनाल्यात घातली की त्रास सुरू. आत शिरलेल्या चिखलाला बाहेर पडायला नीट वाट नाही, शूवरचे लायनर घासून जातात, पाण्यातून वर आल्यावर पहिले दोनचार ब्रेक लागतच नाहीत, आणि मोठा उतार उतरताना ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. डिस्क म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅडने दाबली जाणारी तबकडी, ती उघडी असते, पाणी फेकलं जातं, तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. गाडी थांबायचं अंतर फार कमी होईल म्हणून कोणी हे करू नये, ते पुढच्या ब्रेकवर आणि टायरवर जास्त अवलंबून आहे. दर वेळी पेडल सारखंच लागावं, हा खरा फायदा.

मग लोकांनी आधीच का नाही केलं? केलं ना. जनरल मोटर्सचा सत्तरच्या दशकातला १४ बोल्टवाला जाड एक्सल घ्यायचा, त्यांच्याच ट्रकच्या पुढच्या डिस्क आणि कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) घ्यायचे आणि जाड पत्र्याचा ब्रॅकेट कापून मागे बसवायचे. स्वस्त आणि दणकट काम, आजही चालतं. अडायचं एकाच ठिकाणी, हँडब्रेक. पुढच्या कॅलिपरला हँडब्रेक कशाला असेल? मग काहीजण जुन्या कॅडिलॅक एल्डोराडोचे मागचे कॅलिपर लावायचे, त्यात केबलने फिरणारा स्क्रू असतो, पण हँडब्रेक रोज ओढला नाही तर तो कॅलिपर अॅडजस्टच होत नाही आणि पेडल हळूहळू खोल जायला लागतं. कित्येकांनी हँडब्रेक सोडूनच दिला. मला ते कधीच पटलं नाही. मॅन्युअल गिअरची गाडी चढावर उभी करायची आणि हँडब्रेक नाही, हा जिवाशी खेळ आहे.

यावर उत्तर खरं तर जुनंच होतं. १९६५ च्या कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क आल्या तेव्हा मागच्या डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागाच्या आत एक छोटा ड्रम आणि त्यात फक्त हँडब्रेकचे छोटे शू बसवले होते. चालत्या गाडीचं काम डिस्क करते, उभ्या गाडीचं काम आतला ड्रम. १९९५ च्या मॉडेलपासून एक्स्प्लोररला मागे डिस्क आल्या त्या याच पद्धतीच्या. जीप ग्रँड चेरोकीच्या १९९३ ते १९९८ च्या पिढीतही हीच रचना मिळते, त्यामुळे काहीजण एक्सल जागेवरच ठेवून तिथले ब्रॅकेट, डिस्क, केबल सगळं उचलून चेरोकीच्या हौसिंगला लावतात, थोडं घासकाम करावं लागतं. म्हणजे जे गॅरेजमधे वर्षानुवर्षं नीट जमत नव्हतं ते फॅक्टरीने आयतं करून दिलं होतं.

एक्स्प्लोररचा ८.८ इंच क्राऊनवाला (मधल्या मोठ्या गिअरवाला) एक्सल मात्र नुसता ब्रेकसाठी गाजला नाही. बऱ्याच चेरोकी आणि रँग्लरला मागे डाना ३५ नावाचा एक्सल होता, साडेसात इंचाच्या वर जेमतेम क्राऊन आणि २७ दात्यांचे शाफ्ट, मोठे टायर घातले की तुटायचे. फोर्डचे शाफ्ट ३१ दात्यांचे. चाकाचे बोल्ट दोन्हीकडे पाच, तेही साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर, रुंदीही जवळपास चेरोकीइतकी, म्हणजे जीपची चाकं तशीच चढतात. पाट्यांच्या बैठका कापून नव्या वेल्ड करायच्या, पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्टला जोडलेल्या छोट्या गिअरचा) अँगल आधी बघायचा, प्रॉपेलर शाफ्टचा फ्लँज जुळवायचा, आणि बरेचजण हौसिंगच्या नळ्या मधल्या कास्टिंगला वेल्ड करून घेतात कारण फॅक्टरीत त्या दाबून बसवून थोड्याच ठिकाणी वेल्ड केलेल्या असतात.

आणि माल भरपूर होता. नव्वदच्या दशकात एक्स्प्लोरर अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी एसयूव्ही होती. मग २००९ च्या उन्हाळ्यात सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढायची योजना आणली, पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या गेल्या आणि त्यात पहिला नंबर फोरव्हील ड्राइव्ह एक्स्प्लोररचा. इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते कायमचं जाम करायचं असा नियम होता, पण मागचा एक्सल सुटा विकायला कायद्यात परवानगी होती.

काम करताना घोटाळा होतो तो ब्रेकच्या लाईनमधे. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमधे (पेडल दाबल्यावर ब्रेककडे ऑइल ढकलणारा भाग) बऱ्याचदा लाईनमधे थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व असतो, तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं. मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी ठेवणारा प्रोपोर्शनिंग व्हॉल्वही ड्रमच्या हिशोबाचा असतो, तोही बघावा लागतो. आणि डावा कॅलिपर उजवीकडे लागला तर हवा काढायचा ब्लीडरचा निपल खाली येतो, हवा वर अडकते, कितीही ऑइल सोडा, पेडल स्पंजसारखंच राहतं.

कंपन्यांचं म्हणाल तर त्यांचं धोरण सरळ रेषेत गेलेलं नाही. २००३ च्या रँग्लर रुबिकॉनला चारही डिस्क आल्या. जनरल मोटर्सने १९९९ च्या सिल्व्हराडोला चारही डिस्क दिल्या आणि २००५ ला हाफ-टन मॉडेलला मागे परत ड्रम लावले. आपल्याकडे २०२० च्या थारलाही मागे ड्रमच आले.

आज शोधायला गेलात तर १९९५ ते २००१ चीच एक्स्प्लोरर बघा, २००२ ला चार दाराच्या मॉडेलला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं आणि तो अखंड एक्सल तिथून गेला. दाराच्या स्टिकरवर एक्सल कोड डी४ असेल तर ३.७३ गिअर रेशो आणि लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा), डी२ असेल तर ४.१० आणि लिमिटेड स्लिप. आतले हँडब्रेकचे शू उघडून नक्की बघा, गंजून लायनर सुटलेले निघतात, पण नवे शू, पॅड आणि डिस्क स्पेअरच्या दुकानात अजून मिळतात.