‘.३८’ हे नेमकं कशाचं माप?

.३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची तांब्याच्या कवचाची गोळी व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात धरली तर आकडा येतो ०.३५७ इंच, म्हणजे ९.०७ मिलिमीटर. .३५७ मॅग्नमची गोळी धरली तरी तोच. नावात अडतीस आणि मापात जेमतेम पावणेछत्तीस! मग अडतीस आलं कुठून? पितळी केसच्या, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या नळकांड्याच्या, बाहेरच्या व्यासातून. तो ०.३७९ इंच भरतो. सुरुवातीच्या काडतुसांत गोळीचा व्यास केसइतकाच असे आणि तिचा मागचा बारीक भाग तेवढा केसमध्ये बसवलेला असे. पुढे अख्खी गोळी केसच्या आत गेली आणि बारीक झाली. नाव मात्र जुनंच राहिलं.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांतला बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. आकडा कधी केसचा, कधी गोळीचा, तर कधी नुसता जाहिरातीचा. .३८-४० नावाच्या जुन्या काडतुसाची गोळी तर चक्क .४० इंचाची आहे. म्हणून काडतूस आकड्यावरून ओळखायचं नाही, पूर्ण नावावरून ओळखायचं. ‘स्पेशल’, ‘लाँग’, ‘मॅग्नम’ ही शेपटं शोभेची नाहीत, खरी माहिती तिथेच असते.

एकाच घराण्यातली काडतुसं कशी चालतात, ते .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमवरून समजतं. स्पेशल १८९८ चं, मॅग्नम १९३५ चं. केसचा व्यास, कड (बुडाशी बाहेर आलेली किनार) आणि गोळी सारखी. फरक लांबीत: २९.३ मिलिमीटर आणि ३२.८ मिलिमीटर. हे साडेतीन मिलिमीटर मुद्दाम वाढवलेले आहेत. स्पेशलचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड (पुढे नुसतं ‘पौंड’), तर मॅग्नमचा ३५,०००. चेंबरच्या, म्हणजे फिरत्या सिलिंडरमध्ये काडतूस बसतं त्या भोकाच्या, पुढच्या भागात एक पायरी असते, तिथून व्यास कमी होतो. लांब केस त्या पायरीला अडते, त्यामुळे स्पेशलच्या चेंबरमध्ये मॅग्नम पूर्ण बसत नाही आणि सिलिंडर बंदच होत नाही. उलट बाजूने, मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल बिनधास्त चालतं. काडतूस मागच्या कडेवर टेकतं, त्यामुळे केस पुढे आखूड असली तरी बिघडत नाही.

हाच एकमार्गी नियम .४४ स्पेशल आणि .४४ मॅग्नमला, तसाच .४५ कोल्ट आणि .४५४ कासुलला लागू होतो. .३२ च्या घराण्यात चार पायऱ्या आहेत: .३२ एस अँड डब्ल्यू (म्हणजे स्मिथ अँड वेसन), .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, .३२ एच अँड आर मॅग्नम आणि .३२७ फेडरल मॅग्नम. शेवटच्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आधीची तिन्ही चालतात. लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नंतरची दोन्ही चालत नाहीत. लाँगची मर्यादा १५,००० पौंडांची, .३२७ ची ४५,०००, म्हणजे सरळ तिप्पट.

हा दाब पितळ सोसत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. केसचं काम वॉशरचं. ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की किंचित आकसते. भार पोलादावर येतो, आणि सिलिंडरचं पोलाद सगळीकडे सारखं जाड नसतं. सिलिंडर जागेवर अडवायला बाहेरून जी खाच कोरलेली असते, ती सहा गोळ्यांच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये बरोबर चेंबरच्या डोक्यावर येते. तिथली भिंत सर्वात पातळ. दाब मर्यादेबाहेर गेला की बहुधा तिथूनच चीर सुरू होते.

आता फसव्या जोड्या. पहिली .३८ एस अँड डब्ल्यू आणि .३८ स्पेशल. नावं भावंडांची, पण नातं नाही. १८७७ च्या .३८ एस अँड डब्ल्यूची केस १९.७ मिलिमीटर लांब, पण जाडीला ९.८, स्पेशलची जाडी ९.६. गोळीही किंचित मोठी, ९.१७ मिलिमीटर. त्यात भर म्हणजे स्मिथ अँड वेसनच्या नळीवर ‘.३८ एस अँड डब्ल्यू स्पेशल सीटीजी’ (सीटीजी म्हणजे कार्ट्रिज, काडतूस) असं कोरलेलं असतं आणि वाचणारा ‘स्पेशल’च्या आधीच थांबतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक रिव्हॉल्व्हरचे चेंबर नंतर खोल करून त्यात स्पेशल बसेल अशी सोय केली गेली. खोली वाढली, पण मागचा रुंदपणा तसाच राहिला. अशा चेंबरमधून निघालेली स्पेशलची केस बुडाशी एका बाजूला पोट आल्यासारखी दिसते, काही उभ्या फाटलेल्याही निघतात. केस फाटली की गरम वायू मागे, हाताच्या आणि डोळ्यांच्या दिशेने येऊ शकतो.

दुसरी जोडी .४५५ वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची आणि .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची. वेब्लीचं सिलिंडर मागून घासून, अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये .४५ एसीपी बसवायची युक्ती युद्धानंतर बरीच झाली. काडतूस बसतं, उडतंही. पण .४५ एसीपीची २१,००० पौंडांची मर्यादा त्या सिलिंडरच्या मूळ हिशोबापेक्षा बरीच वर आहे. पहिल्या दहा वेळा काही झालं नाही, हा पुरावा नव्हे.

.३२ एसीपीही .३२ लाँगच्या चेंबरमध्ये शिरतं. ते पिस्तुलाचं काडतूस आहे. कड अरुंद, दाब २०,५०० पौंड. बसतं म्हणून वापरू नये. .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये .२२ लाँग रायफल सैल बसतं आणि केस फाटते. त्यासाठी वेगळं सिलिंडर लागतं. ‘+पी’ हा शिक्का असलेलं .३८ स्पेशल तर मापाने तंतोतंत साध्यासारखंच, दाब मात्र २०,००० पौंडांपर्यंत. इथे कुठलीच पायरी आड येत नाही. निर्मात्याने त्या मॉडेलला +पी चालतं असं लिहिलं नसेल तर ते भरू नये.

चालणाऱ्या जोडीतही एक कटकट आहेच. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खूप स्पेशल उडवलं की आखूड केसच्या तोंडापुढे, त्या साडेतीन मिलिमीटरांत, काजळी आणि शिशाचं कडं जमतं. मग मॅग्नमचं काडतूस शेवटच्या एक-दोन मिलिमीटरांवर अडतं. अंगठ्याने दाबून बसवू नये: केसचं तोंड कड्यात आवळलं जातं, गोळी सोडायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. चेंबरमध्ये सॉल्व्हंट सोडून पंधरा मिनिटं मुरू द्यावं आणि कांस्याच्या ब्रशने घासावं.

शिक्का पुसलेला असेल किंवा शस्त्र जुनं असेल, तर चेंबरचा साचा घेणं हाच खात्रीचा उपाय. हे काम जाणत्या बंदूक कारागिराचं. रिकामं सिलिंडर काढून स्वच्छ करतात, चेंबरच्या पुढच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा घालतात आणि मागून सेरोसेफ हा मिश्रधातू ओततात. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. त्यात कॅडमियम असतं, म्हणून जास्त तापवायचा नाही आणि खिडकी उघडी ठेवायची. पहिल्या अर्ध्या तासात तो आकसतो, तेवढ्यात साचा बाहेर काढायचा. नंतर तो हळूहळू फुगतो आणि ओतल्यापासून तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. तेव्हाच कॅलिपर लावायचा.

मागच्या टोकाला ९.८ च्या आसपास आलं, तर ते चेंबर .३८ एस अँड डब्ल्यूचं, वर काहीही कोरलेलं असो. ९.६ आलं आणि तिसाव्या मिलिमीटरच्या आसपास पायरी दिसली, तर .३८ स्पेशल. आणि पायरीच नसेल, चेंबर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ भोक असेल, तर ते .३८ लाँग कोल्ट या जुन्या काडतुसाच्या काळातलं असण्याची शक्यता मोठी. त्यात .३५७ मॅग्नमसुद्धा गुपचूप आत जाईल, आणि त्याला अडवणारं तिथे काहीच नाही.